काळवंडलेला दात

वरच्या जबड्यातील समोरचे दोन दात, ज्यांना बोलीभाषेत पटाशीचे दात म्हणतात, ते इतर दातांपेक्षा पुढे आलेले असतात. त्यामुळे तोंडावर बसणारा मार बहुधा त्यांनाच प्रथम लागतो. विटीदांडूची उडालेली विटी, क्रिकेटचा चेंडू, हातपंपाचा उसळलेला दांडा, सायकलचे हँडल, झोपाळ्याची फळी, पतंगामागे धावताना लागलेली ठेच अशी कारणे भारतातील कोणत्याही गावात वा शहरात सापडतील. दात मोडला किंवा निखळून पडला, तर घरातील माणसे तत्काळ धावपळ करतात. परंतु अनेकदा तसे काही घडत नाही. ओठ सुजतो, हिरडीतून थोडे रक्त येते, दात किंचित हलतो आणि आठ-दहा दिवसांत सर्व काही पूर्ववत झाल्यासारखे वाटते. अपघाताचा विसर पडतो. मग काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनी त्या एका दाताचा रंग शेजारच्या दातांपेक्षा निराळा झाल्याचे लक्षात येते.

अशा वेळी दोन प्रकारची घाई होते. काही जण तो रंग म्हणजे केवळ डाग आहे असे समजून राखुंडी, कोळसा, मीठ किंवा एखादे दंतमंजन यांनी दात जोराने घासू लागतात. दुसरे काही जण ‘दात मेला’ असे ठरवून तो काढून टाकण्याची तयारी करतात. मुलीच्या विवाहाची बोलणी सुरू असतील किंवा मुलगा वर्गात तोंड मिटून बसू लागला असेल, तर ही घाई अधिकच वाढते. दोन्ही मार्गांत एकच चूक आहे. त्या दाताच्या आत काय घडले आहे हे पाहण्यापूर्वीच उपाय ठरवला जातो. बदललेला रंग हे एक लक्षण आहे. दाताच्या आतील गर जिवंत आहे की मृत, आणि मृत असल्यास त्यात जंतूंचा शिरकाव झाला आहे की नाही, यावर उपचार अवलंबून असतो.

दाताची अंतर्रचना

दात वरून दगडासारखा दिसत असला, तरी तो एक सजीव अवयव आहे. त्याचा हिरडीबाहेर दिसणारा भाग दंतवल्क या अत्यंत कठीण आवरणाने झाकलेला असतो. यालाच दंतवैद्य इनॅमल म्हणतात. दंतवल्क काहीसे पारभासक असते, म्हणजे त्यातून थोडा प्रकाश आरपार जातो. त्याखाली किंचित पिवळसर रंगाचे दंतिन, म्हणजेच डेंटिन असते. दाताचा आपल्याला दिसणारा रंग हा बव्हंशी या दंतिनाचा रंग असून तो दंतवल्काच्या काचेतून पाहिल्यासारखा दिसतो. दंतिन भरीव नसते. त्यात आतून बाहेर जाणाऱ्या हजारो सूक्ष्म नलिका असतात. दाताच्या मध्यभागी एक पोकळी असून तीत मऊ गर असतो. या गरात रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि दंतिन तयार करणाऱ्या पेशी असतात.

गराला रक्ताचा पुरवठा मुळाच्या टोकाशी असलेल्या अतिशय अरुंद छिद्रातून होतो. या एका वाटेखेरीज त्याला दुसरा मोठा आधार नसतो. शरीराच्या इतर भागांत मार लागला, तर तेथे सूज येऊ शकते आणि आसपासच्या रक्तवाहिन्या मदतीला येतात. गर मात्र चारही बाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेला असल्याने त्याला फुगायला जागा नसते. दाताला धक्का बसून तो आपल्या खोबणीत थोडा जरी सरकला, तरी मुळाच्या टोकाशी असलेल्या नाजूक रक्तवाहिन्या ताणल्या जातात, चिरडल्या जातात किंवा तुटतात.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. दात जबड्याच्या हाडात थेट रोवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सूक्ष्म तंतूंचे एक अस्तर असते आणि त्याला रक्तपुरवठा हाडातून व हिरडीतून होतो. त्यामुळे आतील गर मेला, तरी दाताला धरून ठेवणारी व्यवस्था जिवंत राहू शकते. ‘मेलेला दात’ हा शब्दप्रयोग म्हणूनच अर्धवट खरा आहे. मरतो तो गर. योग्य उपचार केल्यास दात पुढे कित्येक वर्षे काम देतो.

रंग का बदलतो

मार बसल्यावर गरातील सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटल्या, तर रक्त आतील पोकळीत पसरते आणि दंतिनाच्या नलिकांत शिरते. पहिल्या काही दिवसांत दात गुलाबी दिसतो. नंतर तांबड्या रक्तपेशी फुटतात. त्यांतील रक्तरंजकाचे, म्हणजे हीमोग्लोबिनाचे, विघटन होऊन लोहयुक्त द्रव्ये दंतिनात साठतात. गर मेला आणि तेथे जंतू पोहोचले, तर जंतूंनी निर्माण केलेल्या गंधकयुक्त वायूशी लोहाचा संयोग होऊन काळसर संयुगे बनतात, असे स्पष्टीकरण दिले जाते. कुजलेल्या गरातील प्रथिनांच्या अवशेषांमुळेही रंग गडद होतो. दात प्रथम करडा, मग राखी किंवा तपकिरी आणि शेवटी काळपट होतो.

लोहामुळे दात काळे होतात ही गोष्ट भारतीय घरांना अपरिचित नव्हती. जुन्या काळी महाराष्ट्रातील सुवासिनी दातवण लावीत आणि उत्तर भारतातील स्त्रिया मिस्सी लावीत. हिराकस हे लोहाचे लवण आणि हिरड्यासारख्या फळांतील तुरट द्रव्य यांच्या संयोगाने दातांवर काळी झाक चढत असे. फरक एवढाच की, दातवणाचा काळेपणा दाताच्या पृष्ठभागावर असे, तर आघाताने आलेला काळेपणा आतून येतो. म्हणूनच बाहेरून कितीही घासले, तरी तो जात नाही. उलट खरबरीत पुडीने दंतवल्क झिजते, खालचे दंतिन अधिक दिसू लागते आणि दात आणखीच गडद भासतो.

आघातानंतरचा प्रत्येक रंगबदल मात्र गराच्या मृत्यूची खूण नसतो. गुलाबी झालेला दात काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप मूळ रंगावर आल्याची उदाहरणे आहेत. डेन्मार्कमधील संशोधक एफ. एम. आंद्रेआसेन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवून दिले की, धक्का बसलेल्या काही दातांचा रंग करडा होतो, परीक्षेला ते प्रतिसाद देईनासे होतात, मुळाच्या टोकाशी हाडही विरळ दिसते आणि तरीही काही काळाने ही सर्व लक्षणे नाहीशी होऊन दात पूर्ववत होतात. अशा दातावर घाईने उपचार केला असता, तर स्वतःहून बरा होऊ शकणारा गर विनाकारण गमावला असता.

तिसरा प्रकार पिवळेपणाचा आहे. आघातातून वाचलेला गर कधी कधी आपल्याभोवती वेगाने दंतिन रचू लागतो. पोकळी हळूहळू भरून येते आणि दात शेजाऱ्यांपेक्षा पिवळा, निस्तेज दिसतो. येथे गर जिवंत असतो. असा दात पुढे जंतुदोषाने बिघडण्याचे प्रमाण थोडे असल्याने केवळ पिवळेपणा आला म्हणून त्याचा गर काढण्याची आवश्यकता नसते. नियमित तपासणी पुरेशी ठरते.

एकच दात काळवंडला असेल, तर आघाताचा संशय प्रथम घ्यावा. पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडमुळे आंध्र, तेलंगण, राजस्थान इत्यादी राज्यांतील काही भागांत दातांवर जे पांढरे, पिवळे वा तपकिरी पट्टे पडतात, ते एकाच दातावर न दिसता अनेक दातांवर आणि बहुधा डाव्या-उजव्या बाजूंस सारखे दिसतात. बालपणी घेतलेल्या टेट्रासायक्लिन औषधाचा परिणामही असाच अनेक दातांवर उमटतो. पान, तंबाखू, मिशरी आणि चहा यांचे डाग पृष्ठभागावर असतात व दंतवैद्याने केलेल्या साफसफाईने निघतात.

परीक्षा कशी केली जाते

काळवंडलेल्या दाताच्या बाबतीत दंतवैद्य प्रथम इतिहास विचारतो. मार केव्हा लागला, कशाने लागला, दात त्या वेळी हलत होता काय, पुढे कधी ठणका लागला काय, हिरडीवर पुळी येऊन गेली काय, या प्रश्नांची उत्तरे महत्त्वाची असतात. रुग्णाला पुष्कळदा वेदना मुळीच नसतात. वेदना नाहीत म्हणजे आजार नाही, हा समज येथे घातक ठरतो, कारण मृत गराला दुखण्याची क्षमताच उरलेली नसते. मुळाच्या टोकाशी जंतूंचे घर वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढत राहू शकते.

त्यानंतर दाताला थंड पदार्थाचा स्पर्श करून किंवा सौम्य विद्युतप्रवाह देऊन प्रतिसाद पाहतात. दातावर हलके टिचकवून दुखते का, आणि आवाज वेगळा येतो का, हेही पाहिले जाते. या परीक्षांची एक मर्यादा आहे. त्या मज्जातंतूंचा प्रतिसाद मोजतात, रक्ताभिसरण मोजत नाहीत. मार बसल्यानंतर गरातील मज्जातंतू काही काळ बधिर होऊ शकतात. हा काळ तीन महिन्यांपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक असू शकतो. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत प्रतिसाद मिळाला नाही, एवढ्यावरून गर मृत ठरवता येत नाही. आज सर्वत्र मान्य असलेला नियम असा की, गर मृत आहे हे ठरवण्यासाठी किमान दोन स्वतंत्र लक्षणे एकत्र दिसली पाहिजेत. प्रतिसादाचा अभाव आणि करडा रंग, एवढ्यावरही सावध दंतवैद्य मुळाच्या टोकाशी हाड झिजल्याचा, हिरडीवर पू येणारी पुळी झाल्याचा किंवा मुळाची वाढ खुंटल्याचा पुरावा शोधतो.

हा पुरावा बहुधा क्ष-किरण छायाचित्रात सापडतो. रंटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये क्ष-किरणांचा शोध लावला आणि लगेच १८९६ च्या जानेवारीत जर्मनीतील ओटो वाल्कहॉफ यांनी दातांचे पहिले छायाचित्र घेतले. त्यासाठी त्यांना पंचवीस मिनिटे किरणांसमोर स्थिर राहावे लागले होते. आज हेच काम सेकंदाच्या अंशात होते. एका छायाचित्राने भागत नाही, हे मात्र रुग्णाने समजून घ्यावयास हवे. आघातानंतर साधारणपणे दोन आठवडे, तीन महिने, सहा महिने आणि एक वर्ष अशा टप्प्यांनी तपासणी केली जाते. दुखापत गंभीर असल्यास ती पुढे पाच वर्षांपर्यंत दरवर्षी करतात. पहिल्या आणि नंतरच्या छायाचित्रांची तुलना केल्यावरच मूळ वाढते आहे, स्थिर आहे की झिजते आहे, हे कळते.

दात उपटण्याचे युग

गर मेलेला दात काढूनच टाकावा, हे मत एके काळी वैद्यकशास्त्रातही प्रबळ होते. ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर यांनी १९१० मध्ये कॅनडातील माँट्रिअल येथे मॅकगिल विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात अस्वच्छ तोंड आणि सदोष दंतकाम हे शरीरातील अनेक विकारांचे मूळ असल्याचे सांगितले. त्यातून असा विचार पसरला की, दातातील जंतुदोष सांधे, हृदय, डोळे इत्यादी दूरच्या अवयवांना पोहोचतो आणि म्हणून प्रत्येक गरहीन दात संशयास्पद मानावा. पुढील काही दशके अमेरिकेत व युरोपात असंख्य दात केवळ संशयावरून काढले गेले. रुग्णांचे मूळ विकार बहुधा तसेच राहिले. अधिक काटेकोर संशोधन झाल्यानंतर या विचाराची पकड सुटली आणि नीट स्वच्छ करून बंद केलेला दात शरीराला अपाय करत नाही, हे मान्य झाले.

या इतिहासाचे महत्त्व आजही आहे, कारण ‘मेलेला दात ठेवू नये’ हा सल्ला अजूनही ऐकू येतो. वाढत्या वयातील मुलाचा पुढचा दात काढल्यास त्या जागेचे हाड झिजत जाते, शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात आणि जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत कायमचा कृत्रिम दात बसवता येत नाही. दहा वर्षांच्या मुलाला मग आठ-दहा वर्षे काढता-घालता येणाऱ्या कवळीवर काढावी लागतात. दात राखता येत असेल, तर तो राखणे हेच हिताचे असते.

मुळाच्या नलिकेचा उपचार

गर मृत आणि दूषित असल्याचे निश्चित झाल्यावर जो उपचार करतात, तो आज ‘रूट कॅनॉल’ या नावाने सर्वपरिचित आहे. त्याचा हेतू साधा आहे. मुळाच्या नलिकेतील कुजलेला गर आणि जंतू काढून टाकावेत आणि ती पोकळी पुन्हा जंतू शिरणार नाहीत अशी भरून काढावी. दाताच्या मागील, म्हणजे टाळूकडील बाजूने लहानसे छिद्र पाडतात, त्यामुळे पुढून काही दिसत नाही. दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवतात. न्यूयॉर्कचे दंतवैद्य सॅनफर्ड बार्नम यांनी १८६४ मध्ये ही युक्ती काढली. तिच्यामुळे लाळ नलिकेत शिरत नाही आणि औषधे वा बारीक हत्यारे घशात जाण्याचा धोका टळतो.

बारीक कानशींनी नलिका साफ करत असताना सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने ती वारंवार धुतात. हे द्रावण जंतू मारते आणि कुजलेल्या पेशी विरघळवते. नलिकेची लांबी अचूक ठाऊक असणे आवश्यक असते. त्यासाठी क्ष-किरणांचा उपयोग १८९९ मध्ये अमेरिकेतील एडमंड केल्स यांनी केला. आज विजेवर चालणारी मोजमापाची साधनेही वापरली जातात. आवश्यकता भासल्यास नलिकेत काही दिवस कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून ठेवतात. हे चुन्याच्या निवळीतीलच द्रव्य असून १९२० मध्ये जर्मनीतील हरमन यांनी ते दंतोपचारात आणले. त्याच्या तीव्र क्षारतेमुळे उरलेसुरले जंतू टिकत नाहीत. शेवटी गट्टापर्चा या झाडाच्या चिकापासून बनवलेल्या द्रव्याने नलिका भरून बंद करतात.

स्थानिक बधिरता आणून हा उपचार केला जातो आणि गर मृत असल्याने वेदना बहुधा नगण्य असतात. उपचारापूर्वी दाताची भीती वाटून तो टाळणारे रुग्ण पुष्कळ असतात. टाळाटाळीमुळे मुळाच्या टोकाशी गळू वाढते, चेहरा सुजतो आणि मग जे काम शांतपणे झाले असते, ते घाईत व त्रासात करावे लागते.

वाढत्या वयातील दात

पटाशीचे कायमचे दात साधारणपणे सातव्या-आठव्या वर्षी येतात, परंतु त्यांची मुळे पूर्ण होण्यास आणखी सुमारे तीन वर्षे लागतात. नेमक्या याच वयात मुले सर्वांत अधिक पडतात. अशा दाताचे मूळ आखूड, भिंती पातळ आणि टोक नरसाळ्यासारखे उघडे असते. गर मेला, की मुळाची वाढ जेथल्या तेथे थांबते. उघड्या टोकामुळे नेहमीच्या पद्धतीने नलिका भरता येत नाही, कारण भरलेले द्रव्य टोकातून बाहेर जाते.

अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात कायझर आणि फ्रँक यांनी यावर मार्ग काढला. कॅल्शियम हायड्रॉक्साइड नलिकेत पुनःपुन्हा भरून महिनोन् महिने वाट पाहिल्यास टोकाशी कठीण पडदा तयार होतो, असे त्यांनी दाखवले. या पद्धतीने असंख्य मुलांचे दात वाचले. मात्र तिला बहुधा सहा ते अठरा महिने लागत. शिवाय हे द्रव्य दीर्घकाळ दातात राहिल्यास पातळ भिंती ठिसूळ होऊन दात हिरडीजवळ मोडण्याचा संभव वाढतो, असे नंतरच्या अभ्यासात आढळले. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात तोराबिनेजाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ च्या सुमारास एमटीए नावाचे सिमेंटसारखे द्रव्य पुढे आणले. ते ओलसर जागीही घट्ट होते. त्याचा चार-पाच मिलिमीटरचा थर टोकाशी बसवला, की एकदोन भेटींत काम पूर्ण होते.

एकविसाव्या शतकात याहून पुढचे पाऊल पडले. इवाया यांनी २००१ मध्ये आणि बँक्स व ट्रोप यांनी २००४ मध्ये अशी प्रकरणे नोंदवली, ज्यांत नलिका औषधांनी निर्जंतुक केल्यानंतर मुळाच्या टोकापलीकडील जिवंत पेशींनी आत प्रवेश केला आणि थांबलेले मूळ पुन्हा लांब व जाड झाले. प्रत्येक दातात हे यश मिळत नाही. येथेही रंगाचा प्रश्न उद्भवला. या उपचारात वापरले जाणारे एक प्रतिजैविक आणि काही प्रकारचे एमटीए यांच्यामुळेच दात करडा पडू लागला. त्यामुळे समोरच्या दातांसाठी डाग न पाडणारी द्रव्ये निवडण्याकडे आता कटाक्ष असतो.

आतून केलेले विरंजन

नलिकेचा उपचार झाल्याने जंतुदोष जातो, पण काळेपणा आपोआप जात नाही. तो घालवण्यासाठी दातावर लगेच टोपी बसवण्याची प्रथा होती व काही ठिकाणी अजूनही आहे. टोपीसाठी दात सर्व बाजूंनी घासून बारीक करावा लागतो. अन्यथा धडधाकट असलेल्या दाताच्या बाबतीत हा मोठा त्याग ठरतो. काळेपणा आतून आला आहे, तर तो आतूनच घालवावा, हा विचार अधिक सयुक्तिक आहे.

स्पॅसर यांनी १९६१ मध्ये सोडियम परबोरेटची पूड पाण्यात कालवून दाताच्या पोकळीत भरण्याची व ती काही दिवस तशीच ठेवण्याची पद्धत वर्णिली. नटिंग आणि पो यांनी १९६३ मध्ये पाण्याऐवजी तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड वापरले. रुग्ण औषध दातात घेऊन हिंडतो-फिरतो आणि दात हळूहळू उजळत जातो. परबोरेटमधून पेरॉक्साइड मुक्त होते व ते रंगद्रव्यांच्या मोठ्या रेणूंचे तुकडे करते. लहान रेणू प्रकाश कमी शोषतात, म्हणून दात फिका दिसतो.

या पद्धतीलाही एक धोका होता. हॅरिंग्टन आणि नॅट्किन यांनी १९७९ मध्ये अशा सात रुग्णांचे वृत्त प्रसिद्ध केले, ज्यांच्या विरंजन केलेल्या दातांचे मूळ मानेपाशी बाहेरून झिजू लागले होते. सुमारे दहा टक्के दातांत दंतवल्क आणि मुळावरील आवरण एकमेकांना भिडत नाहीत, मध्ये दंतिन उघडे राहते. तीव्र पेरॉक्साइड नलिकांतून झिरपून तेथे पोहोचते आणि ऊतींना दाह करते, असे मानले जाते. पेरॉक्साइडला उष्णता दिल्यास हा धोका वाढतो.

यातून आजची सावध रीत तयार झाली. गट्टापर्चा हिरडीच्या पातळीखाली सुमारे दोन मिलिमीटरपर्यंत काढून त्यावर सिमेंटचा तितकाच जाड, पक्का थर देतात. त्यामुळे औषध मुळाकडे उतरत नाही. परबोरेट साध्या पाण्यात कालवतात, उष्णता देत नाहीत, आणि भरलेले औषध आठवड्याच्या सुमारास बदलतात. दोन ते चार भेटींत बहुधा समाधानकारक रंग येतो. त्यानंतर निदान दोन आठवडे थांबून पोकळी दाताच्या रंगाच्या द्रव्याने कायमची भरतात, कारण विरंजनानंतर दातात राहिलेला ऑक्सिजन त्या द्रव्याला नीट चिकटू देत नाही. काही दात काही वर्षांनी पुन्हा किंचित गडद होतात व त्यांचे विरंजन पुन्हा करावे लागते. मुळाची झीज होत नाही ना, हे पाहण्यासाठी अधूनमधून क्ष-किरण छायाचित्र घेणेही आवश्यक असते. एवढे करूनही रंग जुळला नाही किंवा दात फार मोडलेला असेल, तर मग पातळ चकती अथवा टोपीचा विचार करावा.

दुधाचे दात

दोन-तीन वर्षांचे मूल पडून त्याचा दुधाचा दात करडा झाला, की आईवडील फार घाबरतात. येथे नियम थोडा वेगळा आहे. असे अनेक दात रंग बदलूनही कोणताही त्रास न देता आपल्या वेळी पडतात. काहींचा रंग पुन्हा उजळतोही. केवळ रंग बदलला म्हणून दुधाच्या दाताचा गर काढू नये किंवा दात उपटू नये. त्याच्या मुळाशी कायमच्या दाताचा अंकुर घडत असतो. हिरडीवर पुळी येणे, सूज, पू, दात अधिकाधिक हलणे अशी जंतुदोषाची चिन्हे दिसली, तर मात्र विलंब करू नये, कारण दीर्घकाळ राहिलेल्या जंतुदोषामुळे खालच्या अंकुराच्या दंतवल्कात कायमचे व्यंग येऊ शकते. महिन्यातून एकदा मुलाचा ओठ वर करून हिरडी पाहण्याची सवय आईवडिलांनी लावून घ्यावी.

उपचार कोठे आणि केव्हा

डॉ. आर. अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्ता येथे देशातील पहिले दंतमहाविद्यालय सुरू केले. व्यवसायाचे नियमन करणारा दंतवैद्यक कायदा १९४८ मध्ये झाला. आज देशात तीनशेहून अधिक दंतमहाविद्यालये आहेत. शासकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत नलिकेचा उपचार व विरंजन खाजगी दवाखान्यापेक्षा बरेच अल्प खर्चात होते. मात्र ही महाविद्यालये सर्व प्रदेशांत सारखी पसरलेली नाहीत. खेड्यातील पालकांना पुनःपुन्हा शहरात येणे रोजगार बुडवूनच साधते. दंतवैद्यानेही हे लक्षात घेऊन तपासणीचे टप्पे समजावून सांगावेत आणि कोणती भेट टाळता येणार नाही, हे स्पष्ट करावे.

पालकांच्या हाती असलेली एक गोष्ट विनाखर्चाची आहे. मुलाच्या तोंडाला मार लागला, तर त्या दिवसाची तारीख, कोणता दात आणि तो हलत होता की नाही, एवढे वहीत लिहून ठेवावे. दात दुखत नसला तरी दोन आठवड्यांच्या आत दंतवैद्याला दाखवावा, आठ-दहा दिवस मऊ अन्न द्यावे आणि मऊ ब्रशने तोंड स्वच्छ ठेवावे. पुढे रंग बदललेला दिसला, तर ती तारीख दंतवैद्याला सांगावी. बदल आघातानंतर तीन आठवड्यांनी झाला की तीन वर्षांनी, यावरून थांबून पाहावे की उपचारास लागावे, हा निर्णय पुष्कळदा सोपा होतो.